सात अंगठ्यांचा वाद: हॉल ऑफ फेमचा मान कुणाला द्यायचा?

प्रश्न असा आला आहे: "सर, रॉबर्ट हॉरीकडे एनबीएची, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, सात विजेतेपदं आहेत, तरी तो हॉल ऑफ फेममध्ये नाही. कार्मेलो अँथनीकडे एकही नाही, तो मात्र २०२५ मध्ये आत गेला. मग हा मान मिळतो तरी कशावर? आपल्या कोर्टाच्या भिंतीवर जुन्या खेळाडूंचा सन्मान फलक लावायचं ठरलंय. त्याच्यावर नावं कुणाची, यावरून आमच्यात रोज भांडणं होऊलालीत."

भांडणं होऊ देत. ज्या खेळावरून कुणी भांडत नाही त्या खेळाचं कोर्ट लवकरच पार्किंगला जातं. मी बेळगावात आणि खानापुरात मिळून तीस वर्षांवर पोरापोरींना शिकवलं, तितकीच वर्षं शिट्टी गळ्यात घालून धावलो आणि टेबलावर बसून स्कोअरशीट किती लिहिल्या त्याची मोजदाद नाही. त्या स्कोअरशीटमुळेच या वादात माझं मत बनलं आहे, म्हणून थोडं लांबण लावून सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. हॉल ऑफ फेम म्हणजे अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला असलेलं सन्मानदालन. तो हॉल एनबीएचा नाही, तो बास्केटबॉलचा आहे. १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानं स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत हा खेळ तयार केला. बाहेर बर्फ, पोरं कोंडलेली, म्हणून भिंतीच्या कठड्याला पीचची फळं ठेवायच्या टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले आणि अठरा जणांना नऊ-नऊ करून खेळवलं. त्यांना बर्फानं आत कोंडलं, आपल्याला पाऊस बाहेर कोंडतो. जूनपासून चार महिने आपलं सिमेंटचं कोर्ट शेवाळानं हिरवंगार. गणपती झाले की खराटे, ब्लिचिंग पावडर आणि पत्र्याचे तुकडे घेऊन आपण ते खरवडतो, फ्री थ्रोची रेघ दिसायला लागली की हंगाम सुरू. तर त्या नेस्मिथच्या नावानं १९५९ मध्ये पहिला सन्मान झाला. तेव्हापासून खेळाडू, प्रशिक्षक, पंच, खेळासाठी खपलेले कार्यकर्ते आणि अख्खे संघसुद्धा तिथं घेतले जातात.

म्हणून ब्राझीलचा ऑस्कर श्मिट एनबीएचा एकही सामना न खेळता २०१३ मध्ये आत आहे. सोव्हिएत संघाची उलियाना सेमियोनोवा १९९३ मध्येच गेली. ड्राझेन पेत्रोविच एनबीएत जेमतेम चार हंगाम खेळला, २८ व्या वर्षी मोटार अपघातात गेला, आणि २००२ मध्ये त्याचं नाव लागलं, कारण त्याआधी युरोपात त्यानं काय केलं होतं ते लोकांना माहीत होतं. कार्मेलोचं उत्तरही इथंच आहे. २००३ मध्ये सिरॅक्यूजला कॉलेजचं विजेतेपद, एनबीएत २८,२८९ गुण, आणि ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं: २००८, २०१२, २०१६. नुसतं एनबीए बघितलं असतं तर मी त्याला थोडं थांबवलं असतं. पण अमेरिकेच्या संघात तो दुसऱ्या ताऱ्यांच्या मध्ये उभा राहून जसा खेळला, ते बघितल्यावर माझी तक्रार उरली नाही. २००८ चा तो संघही त्याच वर्षी हॉलमध्ये घेतला गेला, म्हणजे कार्मेलो आणि त्याच संघातला ड्वाइट हॉवर्ड एकाच दिवशी दोन-दोनदा आत गेले, एकदा स्वतःच्या नावावर आणि एकदा संघाबरोबर.

निवडीची पद्धत सोपी नाही. उत्तर अमेरिकेच्या छाननी समितीत नऊ जण, त्यातल्या सातांनी होकार दिला तर नाव अंतिम यादीत. मग चोवीस जणांची सन्मान समिती, तिथं अठरा मतं पाहिजेत. म्हणजे साधं बहुमत चालत नाही, चारातल्या तिघांना पटलं पाहिजे. मत देणारे कोण हे मात्र जाहीर करत नाहीत, ते मला पटत नाही. निवाडा करणाऱ्यानं लोकांसमोर बसावं, अशी आपली सवय आहे.

आता हॉरी. सात अंगठ्या, म्हणजे सात विजेतेपदं: ह्यूस्टनबरोबर दोन, लेकर्सबरोबर तीन, सॅन अँटोनियोबरोबर दोन. २००२ मध्ये सॅक्रॅमेंटोविरुद्ध शेवटच्या क्षणी मारलेला तो तीन गुणांचा शॉट तुम्ही मोबाईलवर शंभरदा पाहिला असेल. सरासरी मात्र सामन्यामागं सात गुणांची, आणि ऑल-स्टारमध्ये, म्हणजे दरवर्षीच्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यात, एकदाही नाही. हॉरीच्या बाजूची पोरं लगेच म्हणतील, के. सी. जोन्सची सरासरीही ७.४ होती, तोही कधी ऑल-स्टार नव्हता, बोस्टनबरोबर आठ विजेतेपदं, आणि तो १९८९ पासून आत आहे. मग? मुद्दा बिनतोड वाटतो, मलाही काही वर्षं वाटत होता.

माझं समाधान झालं ते मायकेल कूपरच्या नावावर, २०२४ मध्ये. लेकर्सचा कूपर, पाच विजेतेपदं, सरासरी ८.९, ऑल-स्टार कधीच नाही. कागदावर हॉरीपेक्षा फार वेगळा दिसत नाही. पण बोस्टनचा मोठा खेळाडू लॅरी बर्ड यानं सांगून ठेवलंय की आपल्याला सगळ्यात जड गेलेला बचावपटू म्हणजे कूपर. जोन्सचंही तेच, समोरच्या संघाचा सगळ्यात घातक गार्ड रोज त्याच्या वाट्याला. हॉरीच्या बाबतीत मला असा माणूस दाखवा, ज्यानं त्याच्यासाठी आपला खेळ बदलला. त्याच्याच संघांतले तारे ओलाजुवॉन, शकील ओनील, कोबी, डंकन यांच्यासाठी समोरचे संघ आखणी करायचे, आणि त्या आखणीत जी फट राहायची तिथं हॉरी उभा असायचा, अगदी शांत डोक्यानं. हे मोठं कसब आहे, मी माझ्या पोरांना त्याचे शॉट दाखवून पाय कसे तयार ठेवायचे ते शिकवतो. पण त्याला हॉलमध्ये मी घेणार नाही.

म्हणजे माझी कसोटी ही: या माणसामुळे दुसऱ्यांना काय बदलावं लागलं?

जॉर्ज मायकन बघा, १९५९ च्या पहिल्याच यादीतला. तो रिंगखाली उभा राहिला की संपलं. एनबीएनं १९५१ मध्ये रिंगखालचा रंगवलेला पट्टा सहा फुटांचा बारा फूट केला, तो त्याला लांब ढकलायला. मग विल्ट चेंबरलेन आला, १९६४ मध्ये बाराचे सोळा फूट झाले. कॉलेजात लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, खेळत होता तेव्हा १९६७ मध्ये डंकच, म्हणजे उडी मारून वरून बॉल रिंगमध्ये कोंबणंच, बंद केलं, ते १९७६ पर्यंत बंद राहिलं. अशा खेळाडूंच्या नावावर वाद घालायची गरजच पडत नाही, जमिनीवरचा रंगच पुरावा आहे. तुम्ही आपल्या कोर्टावर दरवर्षी जो पट्टा रंगवता तो अरुंद होता, रुंद का झाला, हे रंगवताना लहान पोरांना सांगत जा.

वाद होतो तो ज्यांच्यामुळे नियम बदलले नाहीत, फक्त समोरचा खेळाडू बदलला, त्यांच्यावर. आणि इथं आपली मोजपट्टीच आपल्याला फसवते. आपल्या टेबलावरची स्कोअरशीट डोळ्यांसमोर आणा. टू पॉइंटर झाला की तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, थ्री पॉइंटर असला तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. नावापुढे फाउलचे पाच चौकोन. संपलं. रिबाउंडला, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडण्याला, रकाना नाही, असिस्टला, म्हणजे बास्केट करून देणाऱ्या पासला, नाही, अडवलेल्या शॉटला नाही. एनबीएतसुद्धा ब्लॉक (अडवलेला शॉट) आणि स्टील (हिसकावलेला बॉल) अधिकृतपणे मोजायला लागले १९७३-७४ च्या हंगामापासून. बोस्टनचा बिल रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला, तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं घेऊन. त्यानं किती शॉट अडवले, याचा अधिकृत आकडा जगात कुठंच नाही. ज्या गोष्टीत तो सगळ्यांत मोठा, तीच कुणी लिहून ठेवली नाही. आकडेच दाखवा म्हणणाऱ्यांनी रसेलचं काय करायचं ते सांगावं.

हॉकीवाल्यांना हे लवकर कळतं. शंकर लक्ष्मण आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, ज्यांचं रेजिमेंटल सेंटर आपल्या कॅम्पाला लागूनच आहे. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये गोलरक्षक, दोन सुवर्ण, एक रौप्य. १९६४ च्या टोकियोतल्या अंतिम सामन्यात भारतानं पाकिस्तानला १-० हरवलं. लक्ष्मणांनी किती गोल मारले असं त्यांना कुणी विचारलं नाही, कारण गोलरक्षकाचं काम वेगळं आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. बास्केटबॉलमध्ये गोलरक्षक नाही. पाचही जण रिंगमध्ये बॉल टाकू शकतात, म्हणून पाचही जणांना आपण एकाच तराजूत तोलतो, आणि ज्याचं काम थांबवायचं आहे त्याचं पारडं कायम वर राहतं. बेन वॉलेसला ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथं, कुणी घेतलंच नव्हतं. सरासरी ५.७ गुण. पण चार वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू, २००४ चं डेट्रॉइटचं विजेतेपद त्याच्या खांद्यावर, आणि २०२१ मध्ये हॉलमध्ये. त्या निवडीचा मला जितका आनंद झाला तितका मोठमोठ्या स्कोअररच्या निवडीचाही झाला नव्हता.

त्याला कारण आहे. ते सांगायला मला जड जातं, पण तुमच्या फलकाशी त्याचा थेट संबंध आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना. तेव्हा वीस-वीस मिनिटांची दोन सत्रं असायची. एका संघात खानापूरकडची एक पोर होती, बुटकी, सकाळच्या लाल बसनं येणारी. कॅनव्हासच्या बुटाचा सोल सुटलेला, त्याच्यावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा चढवलेला. समोरच्या संघात त्या वर्षीची सगळ्यात भारी मुलगी, आधीच्या प्रत्येक सामन्यात वीसच्या वर गुण. मी टेबलावर. ही पोर तिच्या उजव्या हाताशी अर्धं पाऊल पुढं उभी राहायची, दरवेळी, चाळीस मिनिटं. त्या मुलीला उजवीकडून जायला रस्ताच ठेवला नाही. डावीकडं वळली की ही घसरत्या पायांनी तिथं हजर, हात वर, कमरेला कधी लागला नाही. दुसऱ्या सत्रात त्या भारी मुलीनं बॉल मागणंच सोडून दिलं. सामना संपला तेव्हा तिचे गुण सात, त्यातले पाच फ्री थ्रोचे, तेही दुसऱ्याच मुलींनी केलेल्या फाउलवर मिळालेले. आमच्या पोरीच्या नावापुढं फाउलचा एकच चौकोन भरलेला, गुण तीन. सामना आमच्या पोरीच्या संघानं चारानं जिंकला.

सर्वोत्तम खेळाडूचा चषक कुणाला? तिच्याच संघातल्या बावीस गुणवालीला. पुढच्या निवडीसाठी जी नावं वर पाठवायची होती त्या यादीतही ही पोर नव्हती. वरचे लोक स्कोअरशीट बघणार, तीन गुण बघून हसतील, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी मान डोलावली. त्या यादीवर सही करणाऱ्यांत मी होतो. मी चाळीस मिनिटं तिला बघत होतो आणि तरी सही केली. पुढच्या वर्षी ती खेळायला आली नाही.

त्यानंतर माझ्या प्रत्येक सामन्यात मी एक वेगळी वही ठेवली. कोण कुणाला धरून होता आणि त्याला किती गुण करू दिले, एवढंच त्यात लिहायचं. तुमच्या फलकाच्या बैठकीला त्या वह्या आणतो.

आता न खेळणाऱ्यांबद्दल. तालमीत भिंतीवर पैलवानांच्या शेजारी वस्तादाचा फोटो असतो, वस्तादानं किती कुस्त्या मारल्या हे विचारून तो लावत नाहीत. स्प्रिंगफिल्डलाही हे कळलेलं आहे. डॅनी बियासोन हा सिरॅक्यूज संघाचा मालक. १९५० मध्ये एक सामना १९-१८ असा संपला होता, कारण पुढं असलेला संघ बॉल धरूनच बसायचा. लोक कंटाळून उठून जायला लागले. बियासोननं गणित मांडलं: चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून १२० शॉट घेतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २,८८० सेकंद, भागाकार २४. १९५४ मध्ये चोवीस सेकंदांचं घड्याळ आलं आणि व्यावसायिक बास्केटबॉल वाचला. माझ्या कसोटीवर तर तो सगळ्यांच्या वर बसतो, त्या एका भागाकारानं प्रत्येक खेळाडूला बदलायला लावलं. हॉलनं त्याला घेतलं २००० मध्ये, तो वारल्यावर आठ वर्षांनी. इतका उशीर तुम्ही करू नका.

पंच डिक बावेटा २,६३५ सामने सलग उभा राहिला, एकही न चुकवता, त्याला २०१५ मध्ये घेतलं. आपल्याकडं पंचाला चहा विचारला तरी खूप झालं.

आणि मॉरिस स्टोक्स. तीनच हंगाम खेळला. १९५८ मध्ये सामन्यात डोक्यावर पडला आणि काही दिवसांनी त्याचं सगळं शरीर लुळं झालं. त्याचा संघसहकारी जॅक ट्वायमन, वय चोविशीच्या आत, त्याचा कायदेशीर पालक झाला, त्याच्या दवाखान्याच्या खर्चासाठी वर्षानुवर्षं सामने भरवत राहिला. ट्वायमन स्वतःच्या खेळावर १९८३ मध्ये हॉलमध्ये गेला. स्टोक्स २००४ मध्ये, आणि तो मान स्वीकारायला ट्वायमनच उभा होता. तीन हंगाम पुरेसे का, असं मला विचाराल तर स्टोक्सनं त्या तीन वर्षांत उंच माणसानं बॉल घेऊन पळायचं आणि पास द्यायचं दाखवलं, तेव्हा कुणी तसं करत नव्हतं. पुरेसे आहेत.

बायकांच्या बाबतीत हॉलनं उशीरच केला. पहिली यादी १९५९ ची, पहिल्या तीन स्त्रिया घेतल्या १९८५ मध्ये. त्यातली सेंडा बेरेन्सन ही तर खेळ सुरू झाल्यावर वर्ष-सव्वा वर्षात मुलींना खेळवणारी शिक्षिका. खेळाडू म्हणून पहिल्या स्त्रिया १९९२ मध्ये, त्यात लुसिया हॅरिस, जिनं १९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये महिला बास्केटबॉलची पहिली बास्केट केली. तुमच्या कच्च्या यादीत मला चौदा नावं दिसली, त्यात मुलगी एक. आपल्या कोर्टावर संध्याकाळी साडेचार ते सहा पोरी खेळतात हे तुम्हाला दिसतं ना? त्यांच्या आधीही पोरी होत्याच.

भारताबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारणारच. स्प्रिंगफिल्डच्या यादीत आपला खेळाडू नाही, आणि खोटा अभिमान धरून सतनामसिंगचं नाव पुढं करू नका. २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय, ही वाट उघडल्याबद्दल त्याला मान द्या, हॉल वेगळा. आपला स्वतःचा हॉल असता तर मी आधी चेन्नईच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे हॅरी क्रो बक यांचं नाव घेतलं असतं, १९२० मध्ये त्यांनी ते सुरू केलं नसतं तर आपल्याकडं शिकवणारे आले कुठून असते? मग खेळाडूंत खुशी राम. मग नागपाड्याचे अब्बास मुंतसिर. मॉस्कोला १९८० मध्ये भारत एकदाच ऑलिम्पिक खेळला, त्या संघातले अजमेरसिंग. आणि गीतू अ‍ॅना जोस, जिनं २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिला लीगच्या, संघांपुढं जाऊन चाचणी दिली.

फलकाचं आता थोडक्यात. खेळणं थांबवून पाच वर्षं झाल्याशिवाय नाव घेऊ नका. स्प्रिंगफिल्डनं ही मुदत कमी करत आणलीय, कार्मेलो २०२३ मध्ये थांबला आणि २०२५ मध्ये आत. आपल्या गावात ती कमी केलीत तर काका-मामांचे फोन सुरू होतील. बहुमतावर काही ठरवू नका, चारातले तीन हात वर आले पाहिजेत. ज्याच्या घरातलं, गल्लीतलं किंवा संघातलं नाव चर्चेला येईल त्यानं त्या वेळेपुरतं उठून बाहेर बसावं. मत कुणी कुणाला दिलं ते मात्र उघड असू द्या. आणि फलकावर नुसतं नाव नको, नावाखाली एक ओळ पाहिजे: यानं काय केलं. ओळ लिहिता आली नाही तर नाव लावू नका.

फलक कुठल्या भाषेत, यावरून कुणी घसा कोरडा करत असेल तर त्याला कोर्टावर आणून उभं करा. आपल्या संघात एक पोरगा "दे" म्हणतो, दुसरा "कोडु" म्हणतो, आणि पास दोघांनाही मिळतो. मराठी आणि कन्नड दोन्ही लिहा, दोन्ही सारख्याच अक्षरांत.

रविवारी बैठक आहे म्हणालात, येतो. वह्यांबरोबर त्या अंतिम सामन्याच्या स्कोअरशीटची कार्बन कॉपीही आणतो, ती मी ट्रंकेत जपून ठेवलीय. खानापूरच्या पोरीचं नाव मी सुचवणार आहे, पण चर्चा निघेल तेव्हा बाहेर पायरीवर बसेन, कारण त्या यादीवर माझी सही आहे. तिच्या संघातल्या दोघी वडगावात राहतात, त्यांना बोलवा. आणि जिला तिनं सात गुणांवर थांबवलं ती हल्ली हुबळीला असते, नंबर माझ्याकडं आहे. तिला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि आधी तिला विचारा.